बर्चचं ठिगळ

फिनलंडमधल्या एका संग्रहालयाच्या कार्यशाळेत मी लाकडाचं काम बघते. गेल्या फेब्रुवारीत टेबलावर विमानाची एक जुनी स्की आली. माझ्यापेक्षा लांब, पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं वर वळलेलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, टोकाजवळचा बेढब तुकडा काढून नवीन अ‍ॅश (युरोपातलं एक चिवट लाकूड) बसवा.

स्की 1920 च्या दशकातली. तेव्हा इथल्या हवाई दलाकडे ए.22 हान्सा ही लाकडी विमानं होती, हेलसिंकीसमोरच्या सुओमेनलिन्ना बेटावर बांधलेली, एकूण 120. उन्हाळ्यात ती फ्लोटवर, म्हणजे खाली बसवलेल्या तरंगत्या होड्यांवर, पाण्यात उतरायची आणि तळी गोठली की त्याच जागी स्कीवर.

आमच्या सातारच्या घरी बैलगाडीच्या चाकाला बाभूळच लागायची, वडील दुसरं लाकूड हातात घेत नसत. स्कीच्या बाबतीत तो मान अ‍ॅशचा. तंतू लांब आणि चिवट. वाफेवर शेकलं की वाकतं, आणि उतरताना बसलेला दणका न मोडता सोसतं.

करवत हातात घेतली होती, पण आधी त्या तुकड्याच्या आडव्या कडेवरून पात्यानं एक पातळ काप काढला, ओला केला आणि दहापट भिंगाखाली धरला. शेजारच्या मूळ फळीत प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग स्वच्छ दिसत होती, अ‍ॅशची खूण. तुकड्यात तशी रांगच नाही, बारीक छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली. बर्च! आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद.

माझा हात थांबला. अ‍ॅश फिनलंडच्या दक्षिण टोकालाच वाढतं, बर्च मात्र दाराबाहेर उभं असतं. स्की मोडल्यावर कुणीतरी हाताशी असलेलं लाकूड घेतलं असणार. जोडातला सरस खरवडून गरम पाण्यात टाकला. हाडाचा सरस असता तर विरघळला असता. हा नुसता मऊ झाला. मोरचूद आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जांभळा रंग आला, म्हणजे प्रथिन आहे. दोन्ही जुळवले तर बहुधा दुधातलं केसीनच, त्या काळच्या विमानांचा नेहमीचा सरस. पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते तुकड्याच्या वरच्या बाजूनं. रंध्याची सफाई कुठेच नाही, चाकूचे छोटे छोटे तिरके वळ, एका उजव्या हाताचे.

हे बेढब नाही, ही या स्कीनं केलेल्या नोकरीची खूण आहे, असं मी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं भिंगातून पाहिलं आणि कागदावरचं वाक्य स्वतः खोडलं.

तुकड्याची एक कड सुटली होती. तिच्याखाली पुन्हा सोडवता येईल असा माशाचा सरस सोडला आणि रात्रभर पकडीत आवळून ठेवली. सकाळी पकडी काढल्या, आधी चाकूचे वळ तपासले. दबले नव्हते.