पाणी पाळलंय काय?

अमेझॉनच्या माशांची टाकी करायची म्हटलं की लोक काच, लाइट आणि फिल्टर यांवर तासन्‌तास बोलतात. मला त्यातलं काहीच अवघड गेलं नाही. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी काचवाल्यानं करून दिली. स्टँड कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्ड करून मिळाला, वर प्लाय आणि थर्मोकोल. टाकीत साधारण १९० लिटर पाणी बसतं. वाळू, काच धरली तर वजन अडीचशे किलोच्या वर जातं, म्हणून खाली बीम आहे तिथं भिंतीला लावून ठेवली. विषय संपला.

माझं डोकं खाल्लं ते नायट्राइटनं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माशांची घाण कुजली की अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष. तिसरं त्या मानानं निरुपद्रवी आणि झाडांचं खाद्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर जम बसवायला आठवडे घेतात. मी ज्या दुकानात विचारलं तिथं सांगितलं, "आज पाणी भरा, हे चार थेंब टाका, उद्या मासे न्या." का नाही सांगणार? आठवड्यानं मासे मेले की गिऱ्हाईक परत त्याच्याच दारात.

मी मासे न सोडता सुरुवात केली. कोळंबीचा तुकडा जाळीत बांधून पाण्यात सोडला. (वास येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.) अमोनिया चढला आणि रीतसर उतरला. नायट्राइट मात्र चढून बसलं ते उतरायचं नावच घेईना. रोज सकाळी चहाच्या आधी परीक्षानळीत पाच मिली पाणी घ्यायचं, तपासणीच्या किटमधले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. आकाशी रंग राहिला पाहिजे. थेंब तळाला पोचायच्या आत नळी जांभळी! पिकलेल्या जांभळासारखी. दुसऱ्या दिवशीही तशीच, तिसऱ्या दिवशीही तशीच.

तोवर घरात लाइट लागलेला, फिल्टर चालू, आत झाडं, लाकूड, वाळू सगळं आहे आणि मासा एकही नाही. येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावायचा आणि विचारायचा, "मासे कुठायत?" मामा आले तेव्हा म्हणाले, "काय रे, पाणी पाळलंय काय?" त्यानंतर गल्लीत तेच चालू झालं. आई रोज ताटावर बसताना म्हणायची, दोन तरी सोड रे, बघू जगतात का. मी चिडायचो.

बाटलीतले जिवाणू आणून ओतले, ढिम्म फरक नाही. शेवटी पीएच तपासला, तर सहाच्या खाली. तिथं गाठ सुटली. आपल्याकडं धरणाचं, म्हणजे घाटातल्या पावसाचं पाणी येतं. माझ्या नळाचा केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या क्षाराचं माप, जेमतेम दोन भरला. अमोनियाचं नायट्राइट होताना पाण्यातला क्षार खर्च होतो. तो आधीच कमी, म्हणून पीएच घसरतो आणि जिवाणू काम बंद करून बसतात. गंमत म्हणजे हेच मऊ पाणी या माशांना हवं असतं. अमेझॉनची उपनदी रिओ निग्रो, तिच्यात क्षार जवळजवळ नाहीतच, पीएच चार-पाच, रंग कोऱ्या चहाचा. मासा आणायला जे पाणी उत्तम, तेच त्याची जागा तयार करताना आडवं येतं. हे कुणीही सांगितलं नव्हतं.

उपाय स्वयंपाकघरात होता. निम्मं पाणी बदललं आणि खायचा सोडा दोन चहाचे चमचे विरघळवून टाकला. एवढ्या टाकीत त्यानं केएच दोनेक अंशांनी वाढतो. शिवाय राजारामपुरीतल्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज माझ्या फिल्टरच्या पाण्यात पिळला. काळं पाणी बघून बायकोनं तोंड फिरवलं. पण काही दिवसांत नळी आकाशी! मी तिचा फोटो मामांना पाठवला. त्यांनी विचारलं, हे काय, फिनेल? मग मोठं पाणी बदलून सोडा काढून टाकला आणि सगळं परत मऊ करून घेतलं.

एक युक्ती आधीच सांगायला हवी होती. नायट्राइट फार असेल तर किट सगळ्यात गडद जांभळ्यावर अडकतं, कमी होतंय की नाही कळत नाही. अशा वेळी नमुन्याचा एक भाग आणि नळाच्या पाण्याचे चार भाग घेऊन तपासा, आकड्याला पाचनं गुणा. निदान जीव टांगणीला लागत नाही.

मासे सोडणं तर अगदीच सोपं. आधी सहा कोरीडोरास, मग थोड्या थोड्या अंतरानं कार्डिनल टेट्रा. कोरीडोरास मिशांनी तळ उकरतात, म्हणून खडी नको, गोल दाण्याची वाळूच हवी. वाळू घेतल्यावर तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा; फेस आला तर चुना आहे, पाणी मऊ राहणार नाही, परत द्या.

झाडांत अमेझॉन सोर्ड घेतलं. आणल्यावर त्याची पानं सडतात, घाबरू नका. नर्सरीत ती पाण्याबाहेर वाढलेली असतात, नवीन पानं पाण्यातली येतात. मुळाशी खताची गोळी पुरली की झालं. जावा फर्न टाकीत शोभतं, पण ते आशियातलं; मी ठेवलं नाही, हट्टीपणा म्हणा. अस्सल अमेझॉनची वनस्पती फुकट पाहिजे तर पंचगंगेत बघा, जलपर्णी तिकडचीच. घरात आणू नका मात्र. तिला कडक ऊन लागतं.

लाकूड राहिलं. ते उकळून, वजन ठेवून बुडवावं लागतं, पाणी तांबूस होतं. ते चांगलंच. देशी बदामाची वाळलेली, गळून पडलेली पानंही तेच करतात. फवारणी झालेल्या झाडाखालची घेऊ नका. लाइट सहा-सात तासांच्या वर नको, नाहीतर काचेवर शेवाळ. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येतो तेव्हा थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं औषध) टाकल्याशिवाय पाणी बदलायचं नाही, नाहीतर एवढ्या मिनतवारीनं जमवलेले जिवाणू एका बादलीत मरतील. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा.

आणि किट घेताना एक्सपायरी बघा, मला संपत आलेलं देत होते. त्यातली नायट्रेट तपासायची दुसरी बाटली अर्धा मिनिट दणादण हलवल्याशिवाय थेंब टाकू नका. नाहीतर ती खोटा आकडा दाखवते आणि तुम्ही आणखी आठवडाभर रिकाम्या टाकीकडं बघत बसाल.