सध्या साहेब कोण आहेत?

माझे काका रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकून होते. वाटणीचा किंवा कुळाचा दावा घेऊन गावाकडून आलेला पक्षकार कोणते कलम लागेल, हे क्वचितच विचारायचा, त्याचा पहिला प्रश्न असायचा, "सध्या साहेब कोण आहेत?" म्हणजे न्यायाधीश कोण. मला तो अडाणीपणा वाटे. टिळक आळीवरून रोज जाणे-येणे असल्यामुळे पुढे लोकमान्यांच्या खटल्यांविषयी वाचू लागलो आणि माझे मत बदलले.

त्या खटल्यांत राजद्रोहाचे कलम एकच होते, तेव्हाच्या दंड संहितेचे १२४ अ. १८९७ साली न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी टिळकांना जामीन दिला, पण खटला चालवणाऱ्या न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, कलमातल्या 'अप्रीती' (disaffection) या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव. (हाच अर्थ खोतांच्या बाबतीत लावला असता, तर निम्मे कोकण तुरुंगात गेले असते.) तय्यबजींपुढे जामीन मागणारे वकील होते दिनशा दावर. १९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. टिळकांसाठी जीनांनी केलेला जामीनअर्ज त्यांनी फेटाळला आणि शेवटी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

दावरांना मी दुटप्पी म्हणणार नाही, कारण वकील अशिलाच्या बाजूने बोलतो. परंतु शिक्षा सुनावताना त्यांनी टिळकांच्या लेखनामागे रोगट, विकृत मन असल्याचे म्हटले आणि ते शब्द कलमाने मागितलेले नव्हते. त्याच वर्षी मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बाँबनंतर सुव्यवस्थेची काळजी वाहणाऱ्या माणसाचे ते होते. उलट १९१६ साली टिळकांवरचा, चांगल्या वर्तनासाठी जामीन द्यावा असा हुकूम ज्या दोघांनी रद्द केला, त्यांतले न्यायमूर्ती बॅचलर इंग्रज होते. त्यामुळे वंशावरून निकाल ओळखता येतो, असेही म्हणता येत नाही.

मुदत टळलेल्या दाव्यात न्यायाधीशाच्या मूल्यांना फारसा वाव नसतो. शब्दाचा अर्थ, जामीन, शिक्षेचे माप, असे जिथे कायदा स्वतःच मोकळी जागा सोडतो, तिथे ती शिरतात. ती शिरतात याची मला तितकीशी तक्रार नाही. ती दिसत नाहीत, याची आहे. दावरांचे शब्द नोंदले गेले, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. काकांच्या दप्तरातले बरेचसे हुकूम मात्र दोन ओळींचे असत: अर्ज ऐकला, नामंजूर. त्या दोन ओळींमागचे मन पक्षकाराला कागदावर सापडत नसे, म्हणून तो काकांना विचारत असे.