सुटलेला बाण : श्रीहरिकोट्याला रॉकेट बघायला जाताना

सगळ्यात आधी हे सांगतो: परतीचं तिकीट उड्डाणाच्या रात्रीचं काढू नका. आम्ही काढलं होतं. ४ डिसेंबर २०२४, दुपारी ४ वाजून ८ मिनिटं ही इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५९ या रॉकेटच्या उड्डाणाची वेळ, आणि रात्री चेन्नईहून परतीची गाडी. मी आणि आठवीतला भाचा प्रेक्षकांच्या गॅलरीच्या पायऱ्यांवर टोप्या घालून बसलो होतो. तासाभराच्या आतबाहेर वेळ उरला असेल, तेवढ्यात कळलं की रॉकेटवरच्या प्रोबा-३ या युरोपच्या यानात काहीतरी वावगं आढळलंय. उड्डाण उद्या, चारच्या सुमारास.

"उद्या? मग आपली गाडी?"

"गाडी जाईल. आपण नाही जायचं."

आजूबाजूला बरीच कुरकुर झाली. एक काका म्हणाले, "एवढ्याशा कारणावरून कशाला थांबवायचं?" पण ते बरोबर थांबवत होते, आणि का ते त्याच संध्याकाळी भाच्याला समजावताना मलाच नीट समजलं.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा. एचटीपीबी नावाचं रबरासारखं बांधणारं द्रव्य, ऑक्सिजन पुरवायला अमोनियम परक्लोरेट आणि आच वाढवायला अ‍ॅल्युमिनियमची पूड. हे सगळं कालवून कवचात ओतायचं आणि मुरू द्यायचं. घट्ट झालं की हाताला पेन्सिलच्या खोडरबरासारखं लागतं. असं १३८ टन पहिल्या टप्प्यात, शिवाय बाजूला बांधलेल्या सहा छोट्या मोटरींत, म्हणजे घन इंधनाच्या छोट्या रॉकेटांत, प्रत्येकी १२ टन. द्रव इंधनाला तोटी असते, ती बंद करता येते. याला तोटी नाही. दिवाळीतल्या बाणाची वात पेटली की तो परत बोलावता येतो का? तसंच. शंका काढायची ती पेटवायच्या आधी.

बाण हा शब्दही मी उगाच वापरत नाही. आपल्या बखरींत लढाईच्या वर्णनात बाण येतात ते पुष्कळदा धनुष्याचे नसतात, दारूचे असतात. म्हैसूरकरांनी त्याच बाणाला लोखंडी नळी दिली. नळी मजबूत असल्याने आत दाब जास्त धरता आला आणि पल्ला वाढला. १७८० साली पोल्लिलूरला, म्हणजे कांचीपुरमजवळ, त्या बाणांनी इंग्रजांची दाणादाण उडाली. टिपूचं श्रीरंगपट्टण पडल्यावर ते नमुने इंग्लंडला वुलिचच्या शस्त्रागारात गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यावरून आपली रॉकेटं बनवली. श्रीहरिकोट्याजवळच्या सुळ्ळूरपेट गावातल्या एका लॉजच्या खोलीत, पंख्याच्या खडखडाटात, हे सगळं सांगून झालं. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे कवच महत्त्वाचं." अगदी बरोबर. ते कवच बनतं कुठे, तर आमच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्याच कंपनीत पीएसएलव्हीच्या मोटरींची पोलादी कवचं तयार होत आली आहेत. लहानपणापासून त्या रस्त्याने जातोय, पण कधी थांबून विचारलं नव्हतं. घन इंधनाचं काम केरळात थुंब्याला ज्यांनी उभं केलं त्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर होते, हेही त्याला सांगितलं. पण तोवर तो झोपला होता.

आता जायचं कसं. पुणे-सोलापूरकडून चेन्नईची गाडी रेणिगुंट्यावरून जाते, पण तिथे उतरून फिरत बसण्यापेक्षा सरळ चेन्नईला जा. सेंट्रलला लागूनच लोकलचं स्थानक आहे. तिथून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच लोकल गुम्मिडीपूंडीपर्यंतच असतात, सुळ्ळूरपेटच्या थोड्या. पाटी वाचूनच चढा. दोन तासांच्या वर धरा. सुळ्ळूरपेटपासून पुढचा रस्ता पुलिकत सरोवराच्या मधून बांधावरून जातो, दोन्हीकडे उथळ पाणी. डिसेंबरात रोहित पक्षी असतात. उजनीला बघितलेले असले तरी इथे खिडकीची जागा सोडू नका.

गॅलरीसाठी इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. ते उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं, तेव्हा घोषणेवर डोळा ठेवा. मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. पाणी, टोपी आणि साधी दुर्बीण घ्या. खाण्याची चिंता नको. सुळ्ळूरपेटला केळीच्या पानावरचं जेवण झकास, आणि गोंगुऱ्याची चटणी म्हणजे आपली अंबाडीच. उड्डाण पुढे ढकललं की गावातल्या खोल्या तासाभरात संपतात. आम्हाला मिळाली ती चौथ्या ठिकाणी.

५ तारखेला पुन्हा तीच रांग, तीच तपासणी. गर्दी मात्र आदल्या दिवसापेक्षा विरळ. गॅलरीतून बघायचं ते असं: आधी पडद्यावर उलटी मोजणी, मग झाडांच्या रांगेवरून एक नारिंगी ज्योत वर येते, आणि ती येते तेव्हा अजिबात आवाज नसतो. चव्वेचाळीस मीटर उंच, ३२० टनांची वस्तू मुक्याने वर चढत असते. मी भाच्याला सांगून ठेवलं होतं, ज्योत दिसल्यापासून आवाज पोहोचेपर्यंत सेकंद मोज आणि तीनने भाग, म्हणजे आपण किती किलोमीटर लांब आहोत ते कळेल. मीही मोजायला लागलो आणि दहाच्या पुढे कुठेतरी विसरलो. मग आवाज आला. धाडकन नाही, लांबून कोणीतरी जाड ताडपत्री टराटरा फाडत आपल्याकडे येतंय तसा, आणि पोहोचला तेव्हा शर्टाची बटणं थरथरत होती.

मोबाइलवर चित्रण करू नका, ते इस्रो तुमच्यापेक्षा चांगलं करतं. तुम्ही धुराकडे बघा. जमिनीवर सहापैकी चारच मोटरी पेटतात, उरलेल्या दोन २५ सेकंदांनी हवेत. दाट पांढरा धूर म्हणजे जळालेलं अ‍ॅल्युमिनियम. दोन मिनिटांच्या आत पहिला टप्पा संपतो आणि दुसरा, द्रव इंधनाचा, सुरू होतो. त्याच्या मागे तसा दाट पांढरा धूर नसतो. त्याचं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनत आलंय. बहुतेक लोक पांढरी रेघ पुसट झाली की उठतात. उठू नका. पडद्यावर पुढचं सगळं चालू असतं. अठराएक मिनिटांनी प्रोबा-३ वेगळं झालं: युरोपची दोन यानं, जी दीडशे मीटर अंतर राखून उडणार आणि एक दुसऱ्यासाठी सूर्य झाकणार, म्हणजे सूर्याभोवतीचं प्रभामंडल सावकाश अभ्यासता यावं म्हणून. टाळ्या वाजल्या, आदल्या दिवशीचे काका दिसले नाहीत.

बाहेर पडताना बांधावर गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. लोकल चुकली. पुढची कधी ते विचारायला मी खिडकीकडे गेलो, तोवर भाच्याने बहिणीला फोन लावला होता. "आई, सतरा मोजले मी. तीनने भागून दाखवू?"