इंदुरात काय, कुठे आणि किती वाजता खावं

पुण्या-मुंबईचा माणूस इंदुरात उतरला की पहिल्याच सकाळी पोह्यांची बशी समोर येते आणि तो म्हणतो, "हे तर आपलेच." तसं नाही. आपण पोहे कढईत परततो, इथे ते वाफेवर बसवतात. राजवाड्याच्या आसपास सकाळी लवकर उघडणाऱ्या कुठल्याही दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, त्याच्या तोंडावर पसरट भांडं आणि त्यात पिवळाधमक ढीग. गिऱ्हाईक आलं की त्यातून बशी भरायची, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर शेव, जीरावन या मसाल्याची चिमूट आणि लिंबू. "सेव, प्याज, जीरावन, सब डालूँ?" असं विचारतात. हो म्हणा. जीरावन नाकारलंत तर मग इंदूरचे पोहे खाल्ले असं म्हणू नका.

करायची रीत सोपी आहे, पण ती नेमकी पाळावी लागते. जाड पोहे चाळणीत धुवून दहा मिनिटं निथळू द्यायचे. अर्धा किलो पोह्यांना दोन मोठे चमचे साखर, पाऊण चमचा हळद आणि मीठ हलक्या हातानं चोळायचं. फोडणी थोडक्या तेलाची: मोहरी, चमचाभर बडीशेप, हिरवी मिरची. कांदा फोडणीत नाहीच. मग वाफ. बिघडतं ते दोन ठिकाणी. पोहे निथळायच्या आधीच वाफेवर चढवले तर गोळा होतो. झाकणाला आतून फडकं बांधलं नाही, तर वाफेचं पाणी परत पोह्यांवर ठिबकतं आणि वरचा थर चिकट होतो. दुकानदार मधूनमधून कडेचे पोहे मध्ये ओढत असेल तर तिथे खुशाल खा. ढीग एकसारखा, न हलवलेला दिसला तर पुढचं दुकान बघा. सोबत जिलबी घ्यायची ती कढईतून पाकात आणि पाकातून बशीत आलेलीच. साडेनऊ-दहानंतर ती रचून ठेवलेली मिळते, पाक मुरून मऊ पडलेली. तिखट हवं असेल तर उसळ-पोहे मागा. नागपूरच्या तर्रीशी तुलना होते, पण इथला रस्सा पोह्यांच्या गोडसरपणाला धरून असतो.

हीच वाफेची युक्ती साबुदाण्याच्या खिचडीला लावलेली दिसते. भिजवलेला साबुदाणा नुसता वाफवून मोकळा ठेवतात. गिऱ्हाइकासमोर एका भांड्यात मसाला, मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि वरून बटाट्याची उपासाची शेव किंवा चिवडा घालून कालवतात. तूप-जिऱ्याची फोडणी शोधत बसू नका. आपल्या खिचडीचा खमंगपणा इथे मिळत नाही, पण रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात उभ्यानं खायला हीच बरी. हलकी असते आणि थंड झाली तरी गिचका होत नाही.

आता सराफा. राजवाड्याच्या मागची ही सोन्याचांदीची पेठ. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं मांडली जातात. नऊच्या आधी गेलात तर शेगड्या नुकत्या पेटत असतात, शनिवारी-रविवारी साडेदहानंतर गेलात तर हात वर करून बशी धरावी लागते. मधल्या वारी साडेनऊ ही चांगली वेळ. गाडी आत नेण्याचा विचारही नको. रिक्षानं राजवाड्यापर्यंत या आणि पुढे चाला. दोघांत एकच बशी घ्यायची, हा सराफ्याचा पहिला नियम. नाहीतर तिसऱ्या दुकानावर पोट भरतं आणि पुढे नुसतं बघत फिरावं लागतं.

जोशींचा दहीवडा आधी खा, तिखट-तेलकट खाऊन जीभ बोथट व्हायच्या आत. द्रोणात वडा आणि दही घातलं की द्रोण हवेत उडवून झेलतात, दह्याचा थेंब सांडत नाही. गर्दी त्यासाठीच जमते, पण खरं बघायचं ते नंतर. एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेतात आणि बोटं जराशी सरकवत एकेक मसाला वेगळा सोडतात. दही गोडसर असतं. गोड दही चालत नसेल तर आधी सांगा.

भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात खावा. कोवळी देशी कणसं किसून, तुपात मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर आधी कोरडा परततात, मग दूध घालून आटवतात. चार कणसांना दोन मोठे चमचे तूप आणि पाऊण वाटी दूध, मंद आचेवर वीसेक मिनिटं. कडेनं तूप सुटायला लागलं की झाला. घाई केली तर कच्च्या पिठासारखा लागतो. स्वीट कॉर्नचा केला तर पाणी सुटतं आणि गोडमिट्ट होतो. बारमाही कीस विकणाऱ्यांकडे बरेचदा हाच असतो. गराडू मात्र फक्त थंडीत. कोनफळाच्या जातीचा हा कंद; सोलताना हाताला खाज सुटते म्हणून तेल लावून सोलतात. फोडी एकदा मंद तळून बाजूला काढतात आणि मागणी आली की कडक तेलात दुसऱ्यांदा. दुसरं तळण तुमच्यासमोर झालं पाहिजे. मसाला आणि लिंबू गरम असतानाच, नाहीतर मसाला धरत नाही.

गोडात मावाबाटी, म्हणजे खव्याचा पाकात मुरवलेला मोठा गोळा, एक चौघांत पुरते. जलेबा बघायला भव्य, खायला जिलबीच. जाडीमुळे आत पाक भरपूर, कुरकुरीतपणा कमी. शिकंजी मागितली की लिंबूपाणी येईल असं समजू नका, इथली शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचं दाट, केशर-सुकामेव्याचं पेय. ती शेवटी. पेटतं पान तोंडात घालण्याचा खेळ फोटोपुरता आहे.

दाल-बाफल्यासाठी दुपार राखून ठेवा आणि त्यानंतर काही काम ठेवू नका. बाटी आणि बाफला यांत फरक उकडण्याचा. जाडसर कणकेत तुपाचं मोहन आणि थोडं दही घालून केलेले गोळे हळदीच्या उकळत्या पाण्यात सोडतात, तरंगून वर आले की काढून कोरडे करतात, मग गोवऱ्यांवर किंवा भट्टीत भाजतात आणि तुपात बुडवतात. ओलेच भाजले तर आत कच्चे राहतात. ताटात आल्यावर बोटांनी दाबा: भुगा सुटला तर उत्तम, कणीक ताणली गेली तर बदलून मागा. कुस्करून वर तुरीची डाळ, मग कढी, हिरवी चटणी, शेवटी लाडू. दोन बाफले पुष्कळ होतात. वाढपी आग्रह करतो, तेव्हा ताटावर हात धरावा लागतो.

छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची गल्ली न्यू पलासियात. आता वाहनांना बंदी आहे, बसायला जागा केली आहे, घरची मंडळी बरोबर असतील तर संध्याकाळी इथेच बरं. विजय चाटची खोबरा पॅटिस घ्या: बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण, गरमच. जॉनी हॉट डॉगकडे हॉट डॉग म्हणजे लोण्यात भाजलेला गोल पाव आणि आत टिक्की. अंडं चालत असेल तर बेंजो, म्हणजे पावात ऑम्लेट.

बसून जेवायच्या हॉटेलांत शेव-टमाटर मागवावी. त्यात एकच गोम आहे. शेव स्वयंपाकघरात रश्शात पडून ताट यायला दहा मिनिटं लागली तर तिचा लगदा होतो. म्हणून शेव वेगळी मागायची, रस्सा टेबलावर आला की घालायची आणि पहिल्या दोन पोळ्यांत संपवायची. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडच्या मराठी घरांतही ही भाजी अशीच होते: पातेलं ताटाशी आणल्यावर शेव.

बरोबर न्यायचं तर लवंगी शेव आणि जीरावन. शेव पाव-पाव किलोची वेगवेगळी पाकिटं करून घ्या, एकदा फोडलेलं पाकीट पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतं. जीरावन शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको. वास उडाला की उरतं ते नुसतं काळं मीठ आणि आमचूर.