ब्रेकचा आवाज थांबला तेव्हा

डोंगरवाटांवर सायकल चालवायला शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. शिकणारा माणूस वाटेशी एकरूप झाला, की ते मला पाठीमागून ओळखता येते. त्याच्या कोपरांतला ताठरपणा जातो आणि ब्रेकची सततची करकर थांबते. बोपदेव घाटाच्या माथ्यावर, कानिफनाथाच्या डोंगराच्या परिसरातील एका पायवाटेवर, पावसाळा सरता सरता मी हे इतक्या स्पष्टपणे पाहिले की त्या सकाळविषयी लिहावेसे वाटले.

शिकायला आलेल्या ताई पन्नाशीच्या होत्या. डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालवण्याचा त्यांना सराव होता, दमही उत्तम होता. पण उतार सुरू झाला की दोन्ही ब्रेक आवळून आणि नजर पुढच्या चाकावर खिळवून त्या उतरत. "सर, गोटा दिसला की हात आपोआप आवळले जातात," असे त्या म्हणाल्या. याला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर पुढे जाते. नजर चाकापाशी असेल तर गोटा दिसेपर्यंत चाक त्यावर चढलेले असते आणि प्रत्येक धक्का अनपेक्षितच बसतो.

गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा लोकांशी बोलून तल्लीनतेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी तिच्यासाठी ज्या गोष्टी आवश्यक मानल्या, त्यांतल्या दोन मला रोज उपयोगी पडतात: आव्हान आणि कौशल्य तुल्यबळ असावे, आणि जमले की चुकले हे लगेच कळावे. दुसरी गोष्ट डोंगरवाट स्वतःच पुरवते, कारण मुरमावर चाक किंचित सरकले तरी ते तळव्यांना तत्क्षणी जाणवते. पहिली मात्र शिक्षकाने जुळवून द्यावी लागते, आणि माझ्या मते शिकवण्याचा मोठा भाग तेवढाच असतो.

म्हणून काळ्या खडकाच्या पायऱ्यांचा मुख्य उतार सोडून मी त्यांना बाजूच्या एका छोट्या टप्प्यावर नेले. तिथला उतार बेताचा होता, वळणे एकापाठोपाठ एक नजरेत येत होती, आणि मध्ये एकच मोठा खडक होता. ओल असल्यामुळे मुरूम उन्हाळ्यात असतो तसा भुसभुशीत नव्हता, चांगला दबलेला होता. आधी आम्ही तो टप्पा पायी उतरलो. मग मी सीट खाली घेतली, टायरमधली हवा ३५ पीएसआयवरून २६ वर आणली, आणि दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून सगळा भार पायांवर घ्यायला सांगितले. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा, हे मी कारणासह समजावले: टायरची पकड मर्यादित असते, ती ब्रेक लावण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी कमी उरते.

पहिल्या काही फेऱ्यांत मी मागून सूचना देत राहिलो. नंतरच्या एका फेरीत दुसऱ्या वळणापाशी त्यांची हनुवटी वर उठली, नजर पुढच्या वळणावर गेली आणि ब्रेकचा आवाज थांबला. सायकल त्यांच्याखाली मोकळेपणाने डावी-उजवीकडे झुकू लागली. तोंडावर आलेली "शाब्बास" मी गिळली, कारण अशा वेळी कौतुकाचा एक शब्दही माणसाला स्वतःकडे बघायला लावतो आणि लागलेली लय मोडतो. त्यांच्या चाकाच्या रेषेवर नजर ठेवून मीही मागोमाग उतरत राहिलो, आणि काय शिकवायचे आहे याचा विचार माझ्या मनातून पुरता गेला.

खाली थांबल्यावर त्यांनी विचारले, "सर, आपण वेगळ्या वाटेने आलो का? तो मोठा खडक लागलाच नाही." मी त्यांना वर नेऊन खडकाच्या उजव्या अंगाला उमटलेली त्यांच्याच टायरची खूण दाखवली. त्या बराच वेळ तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि मग लगेच पायऱ्यांच्या मुख्य उताराला जाऊ या म्हणाल्या.

मी नकार दिला. त्यांचे पंजे थकले होते, आणि त्या पायऱ्यांवर पुढचे चाक अलगद उचलता यावे लागते, जे आम्ही अजून सुरूच केले नव्हते. मात्र हाच टप्पा पुन्हा दिला तर दोन-तीन फेऱ्यांत त्यांना तो सोपा वाटून लक्ष विखुरले असते. म्हणून पुढच्या वेळेसाठी आम्ही याच वाटेचा खालचा भाग ठरवला, जिथे वळणे जवळजवळ आहेत आणि शेवटी घोट्याएवढ्या उंचीची एकच पायरी आहे.