तोंड नसलेली पाहुणी

जिन्यात मीटरच्या पेटीशेजारी परवापासून ॲटलास पतंग बसलाय. पंख पसरून चांगला वीतभर. सुमी बघायला आली, फोटो काढले, आणि चपला घालता घालता म्हणाली, "याला आयुष्य आठ-दहा दिवसांचं, तरी बघ कसा मिरवतोय. नाहीतर तू! कारवी आहेस नुसती. सात वर्षं पानंच पानं."

कारवी, म्हणजे ते सात वर्षं वाढून आठव्या वर्षी फुलणारं डोंगरातलं झुडूप. हसले मी. ती गेल्यावर भांडी विसळताना ते 'नुसती' टोचायला लागलं.

२०१६ला ठाण्याजवळ येऊरच्या उतारांवर कारवी फुलली, तेव्हा आई बरोबर होती. पुढच्या बहरापर्यंत वही पुरी करते, असं तिला म्हटलं होतं. २०२४लाही डोंगर जांभळा झाला. वही आहे तिथेच आहे. आईचं... असो.

नुसती म्हणे. रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. बरोबरीच्यांचं सगळं कधीच फुलून, फळून झालं, आपल्यालाच मेलं काही वेळेत जमत नाही, वगैरे वगैरे. दोन वाजता हे सगळं फार खरं वाटतं.

शेवटी टॉर्च घेऊन जिन्यात गेले. मिशा बारीक, पोट जाडजूड: म्हणजे मादी. ती मिरवत नाहीये गं सुमे, अंगाचा गंध सोडून नराची वाट बघत बसलीये. खायला तोंडच नाही. अळी असताना पानं ओरबाडून जे साठवलं, त्याच्यावर सगळा कारभार. म्हणजे पानांचे दिवस हिनेही काढलेत, फक्त ते बघायला कोणी जिना चढून आलं नाही.

आणि कारवी एकदा फुलली, बी धरलं की वाळून जाते. हे सुमीच्या लक्षात नसणार. त्या हिशेबाने मी अजून धडधाकट आहे! शिवाय आजीच्या घराचा कूड कारवीचाच होता, वर शेणमातीचा गिलावा. त्या काठ्या फुलल्या होत्या की नव्हत्या, कोणी विचारलं नाही. आम्ही पाठ टेकून बसायचो.

तरीही 'नुसती' म्हणायला नको होतं तिने.

सकाळी झाडूवाल्या मावशींच्या भीतीने भिंतीवर कागद लावला, 'हात लावू नये'. दुपारी बघते तर खाली कोणीतरी पेन्सिलीने विचारलंय, 'चावतं का?'

मी लिहिलं, 'तोंड नाही. चावणारी दुसऱ्या मजल्यावर राहते.'