तुम्ही विचारलंत म्हणून : आत्तीची चित्रे कुठे आहेत?

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरी आत्तीला, म्हणजे माझ्या आत्याला, भेटायला येणारे तिचे जुने विद्यार्थी, आणि ती गेल्यावर समाचाराला आलेली माणसेसुद्धा, चहा घेता घेता भिंतींवरून नजर फिरवतात आणि थोड्या संकोचाने एकच प्रश्न विचारतात : बाईंनी 35 वर्षे चित्रकला शिकवली, मग त्यांची स्वतःची चित्रे कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. बेळगावात चित्रकला म्हटले की के. बी. कुलकर्णी यांचे नाव निघते, त्यांच्या हाताखाली शिकून मोठे झालेल्या रवी परांजपे यांचे नाव निघते. त्याच गावात 91 वर्षे जगलेल्या ड्रॉइंगच्या बाईंच्या घरात एकही चौकट नसावी, याचे नवल वाटणारच. उंबऱ्यात उभ्याउभ्या मी जे उत्तर देतो ते नेहमीच अर्धवट राहते, म्हणून आज नीट लिहितो.

चित्रे आहेत. ती माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि ती सगळी एकाच तांब्याची आहेत.

आत्ती 1955 मध्ये शाळेत लागली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते आणि मुले मुंबई सरकारच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तिचे आजोळ असलेला चंदगड तालुका मात्र, जो तोवर बेळगाव जिल्ह्यातच होता, कोल्हापूरकडे राहिला आणि मामाच्या घरी जाणे म्हणजे परराज्यात जाणे झाले. पुढे परीक्षांची नावे लोअर आणि हायर अशी झाली. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर मांडला जाणारा पितळी तांब्या तोच राहिला. तो शाळेचा नव्हता, आमच्या घरचा होता. आत्ती तो सोमवारी पिशवीतून न्यायची आणि शनिवारी परत आणायची.

तिची शिकवण्याची रीत मी घरीच अनुभवली, कारण सुटीत मीही तिच्यासमोर पाटी घेऊन बसे. मूल तांब्याचे तोंड नेहमी पुरते गोल काढते, कारण ते गोल आहे हे त्याला ठाऊक असते. आणि बूड सरळ रेघेने काढते, कारण तांब्या सपाट जागेवर टेकलेला आहे हेही त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात समोर बसणाऱ्याला तोंड चपटे, लंबवर्तुळाकार दिसते आणि बूड डोळ्यापासून अधिक खाली असल्यामुळे त्याची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली दिसते. आत्ती हे फळ्यावर कधी समजावून सांगत नसे. ती मुलाच्या शेजारी त्याच्याच उंचीवर येऊन बसायची, कोपर ताठ ठेवून पेन्सिल समोर धरायला लावायची, एक डोळा मिटायला सांगायची आणि अंगठ्याने उंची-रुंदीचे माप घ्यायला लावायची. ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसते ते काढ, एवढे एकच तिचे सांगणे असे. वर्गातल्या कन्नड मुलांना ती "मोदलु नोडु", म्हणजे आधी बघ, असे म्हणायची. मला मात्र घरच्या बोलीत दटावून विचारायची, "तांब्या बघूलालास की कागद?"

विद्यार्थ्याच्या चित्राला तिने स्वतःचा हात कधी लावला नाही. चूक दाखवायची तर कागदाच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढ्या जागेत ती ते वळण काढून दाखवायची, आणि परीक्षेच्या सरावात तो कोपरा कापला जायचा. फळ्यावरची चित्रे पुढच्या तासाला डस्टरने पुसली जात. तिचे बरेचसे काम असे गेले, आणि त्याची खंत करताना मी तिला एकदाही पाहिले नाही. किल्ल्यातल्या कमल बस्तीला ती दर वर्षी मुलांना न्यायची. 1204 साली बांधलेल्या त्या जैन मंदिराच्या मंडपात, छतातल्या 72 पाकळ्यांच्या दगडी कमळाखाली, ती मुलांना चक्क उताणे झोपवायची, वही-पेन्सिल बाहेरच ठेवायला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात स्मरणचित्र म्हणून ते कमळ काढून घ्यायची. माझ्या मते कोणत्याही ड्रॉइंगच्या तासाहून तो अर्धा तास मोलाचा होता.

आता ट्रंकेविषयी. आमच्या गल्लीत मागांची खटखट दिवसभर चाले. खंडेनवमीला माग पुजले जात आणि गल्ली एकदम शांत होई. आमच्या देव्हाऱ्यापुढे त्या दिवशी आत्तीची पेन्सिल, चाकू आणि ब्रशांचा डबा पूजेला असे. दसऱ्याला सकाळी ती पूजेतली पेन्सिल उचलायची, चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्या तिवईवर ठेवायची, आणि त्याच कोपऱ्यात बसून त्याचे चित्र काढायची. खाली तारीख, बाकी काही नाही. 1958 ते 2022 अशी ही 65 वर्षांची चित्रे. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात घरात पाणी शिरले तेव्हा ट्रंकेच्या तळाचे 11 कागद लगदा होऊन गेले. 54 शिल्लक आहेत. काही कार्ट्रिज पेपरवर आहेत, काही कॅलेंडरच्या पाठीवर.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती सगळी सारखीच वाटतात. मग 1979 च्या चित्रात तांब्याच्या पोटावर एक पोचा दिसतो. तो माझ्या हातून, न्हाणीत तांब्या पडल्यामुळे आला. कासाराकडे देऊन तो काढून घेऊ, असे आजी म्हणाली होती. आत्तीने तो देऊ दिला नाही आणि त्या वर्षापासून पोचा नेहमी समोर येईल असाच तांब्या मांडला. त्यावर पडणारी छाया तिने इतक्या प्रेमाने काढली आहे की माझी ती चूक मला कधी बोचली नाही.

तांब्याचे तोंड त्याहून जास्त सांगते. तिवईची उंची बदललेली नाही, त्यामुळे बदलली ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. आत्ती जमिनीवर मांडी घालून बसत होती तोवर तोंड एखाद्या बारीक फाकेसारखे चपटे आहे. 1996 मध्ये तिचे गुडघे गेले, ती खुर्चीवर बसू लागली, डोळे वर गेले, आणि त्या वर्षीपासून तोंड उघडून मोठे झाले. आतल्या कल्हईची चकाकीसुद्धा दिसू लागली. 2018 पासून ती खाटेवर पडूनच असे. उशी पाठीशी घेऊन ती काढायची तेव्हा डोळे आणि तांब्याची कड एका पातळीत येत, म्हणून त्या चित्रांत तोंड उरलेलेच नाही, फक्त एक आडवी सरळ रेघ आहे. तिने आपल्या दुखण्याविषयी कधी एक अक्षर लिहिले नाही, पण कोणत्या वर्षी तिचे बसणे-उठणे कसे होते ते मी या कागदांवरून अचूक सांगू शकतो.

2022 च्या दसऱ्याला तिवई आणि तांब्या मी मांडला. तोवर काचबिंदूने तिची नजर बरीच खाल्ली होती. तिने तासभर घेतला. वरची आडवी रेघ काढली, गळा काढला, डावीकडचे पोट आणि पोच्याची डावी कड काढली, बुडाचे अर्धे वळण काढले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आत्ती, उजवी बाजू राहिली," मी म्हणालो.

"राहिली न्हाई. तिकडचं दिसत न्हाई मला," ती म्हणाली, आणि तारीख घालायला कागद माझ्याकडे दिला.